काईलीजवळचा विज्ञानाचा तास

भाचीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. होमाचं सगळं आटोपल्यावर गॅसवर दुधाचं पातेलं चढवलं आणि ते उतू जायची वाट बघत आम्ही सात-आठ बायका स्वयंपाकघरात दाटीने उभ्या राहिलो. एरवी दूध उतू गेलं की घरात कुणी बोलणी खायची हे ठरलेलं असतं. या एका दिवशी मात्र ते उतू जावं म्हणून सगळ्या टक लावून बसतात, आणि नेमकं त्याच दिवशी दूध हट्टाला पेटतं. भाचीने विचारलं, "मावशी, गॅस मोठा करू?" मी म्हटलं, "कर की. उष्णता घेतल्याशिवाय पदार्थ आपली अवस्था बदलत नाही." सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, कारण हे वाक्य माझं नव्हतंच. ते शाळेतल्या बागवान बाईंचं होतं. आणि ते त्यांनी आम्हाला याच जमिनीवर, आता मी उभी होते तिथून चार मजले खाली, शिकवलं होतं.

दूध अखेर वर आलं, कडेवरून ओघळलं, गॅस चुरचुरून विझला. बायकांचं समाधान झालं. मी गॅलरीत येऊन उभी राहिले. पलीकडे पंचगंगा, पूल आणि पुलावरची न संपणारी वाहनं. खाली पार्किंगमध्ये फरशी बसवायचं काम अजून चालू होतं. सिमेंटचा, रंगाचा आणि आतून शिऱ्यातल्या तुपाचा वास येत होता. पण माझ्या नाकाला तिथे दुसराच वास हवा होता, उकळत्या उसाच्या रसाचा आणि ओलसर चिपाडांच्या धुराचा. इथे उसाच्या मळ्यात गुऱ्हाळ होतं. त्याच्या बाजूची आंब्याची दोन झाडं आता नाहीत, म्हणून आधी जागा लागेना. मग नदीच्या वळणावरून लागली.

आमची शाळा नदीच्या अलीकडे, शुक्रवार पेठेत. म्युनिसिपालिटीची, मुलींची, कौलारू. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात असेल, मी पाचवीत होते. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे ऑफिसातलं एक लाकडी कपाट. त्यात एक भिंग, एक लोहचुंबक आणि पुष्कळशी झुरळं होती. बागवान बाई आम्हाला सामान्य विज्ञान शिकवायच्या आणि त्या कपाटाच्या वाटेला कधी जायच्या नाहीत. त्यांच्या वडिलांचा मंडईत फळांचा गाळा होता. बाई तासाला यायच्या त्या पिशवी घेऊन, आणि पिशवीत काय आहे हे वासावरून ओळखण्यात आमची पहिली पाच मिनिटं जायची.

एकदा त्यांनी पिशवीतून एक लिंबू आणि एक कलिंगड काढलं. दोन्ही टेबलावर ठेवून मला म्हणाल्या, "लिंबाला टिचकी मार." मी मारली. लिंबू टेबलावरून उडून पहिल्या बाकावर गेलं. "आता कलिंगडाला मार." मी मारली आणि बोट तोंडात घातलं. बाई म्हणाल्या, "बघितलंस? जड वस्तू जागेवरनं हलायला राजी नसते. आणि एकदा निघाली की थांबायला राजी नसते. याला म्हणायचं जडत्व." हे दाखवायला त्यांनी कलिंगडाला दोन्ही हातांनी ढकललं. ते निघालं आणि खरोखरच थांबायला राजी झालं नाही. तिघीजणी धरायला धावल्या, पण ते आमच्यामधून जाऊन जमिनीवर फुटलं. मग उरलेला तास आम्ही जडत्व वाटून खाल्लं. आजही कुठे जडत्व हा शब्द वाचला की मला कलिंगडाचा वास येतो आणि बरं वाटतं.

हवा जागा व्यापते, हे मात्र मला शाळेच्या आधी आईने शिकवलं होतं, फक्त तिला ते ठाऊक नव्हतं. संध्याकाळी पेठेच्या कोपऱ्यावर गवळी म्हशी घेऊन उभे राहायचे आणि समोर धार काढून द्यायचे. कोमट दूध, त्याच्यावर बोटभर फेस, म्हशींच्या अंगाचा आणि शेणाचा वास, चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज. आई नेहमी म्हणायची, "फेस बसू दे, मग माप धर." बाईंनी बादलीत पालथा पेला बुडवून, त्याच्या तळाशी कोंबलेला कागद कोरडाच राहतो हे दाखवलं, त्या संध्याकाळी मी आईला समजावलं की फेसात हवा असते आणि ती जागा अडवते. आई म्हणाली, "आणि हे शिकवायला त्या बाईस्नी सरकार पगार देतंय व्हय?" गवळी पोट धरून हसला. त्या दिवशी त्याने फेस बसेपर्यंत न सांगता वाट बघितली.

माझ्या बाकावर शेजारी शालन बसायची. हाडापेराने मजबूत, केस तेलाने चोपलेले, आणि अंगाला बाराही महिने गुळाचा एक पुसटसा वास. तिचे वडील गुळव्या होते. गुऱ्हाळावर रस उकळून त्याचा गूळ कधी झाला, हे ठरवणारा जो मुख्य माणूस, तो गुळव्या. सगळा मळा त्यांना आबा म्हणायचा, म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो. शालनची शाळा उसाच्या हिशोबाने चालायची. दिवाळी झाली, गुऱ्हाळ लागलं की आई-वडील दोघेही तिकडे, आणि धाकट्या भावाला सांभाळायला शालन. उन्हाळ्यात ती परत यायची तेव्हा आम्ही पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर असायचो. अशी ती कशीबशी पाचवीपर्यंत आली होती. त्या वर्षी मात्र आबांनी सांगून टाकलं होतं, की यंदा गुऱ्हाळ लागलं की शाळा बंद, ती कायमचीच. शालनने हे मला सांगितलं तेव्हा ती पाटीवर रेघोट्या मारत होती. "मला सोडायची न्हाय शाळा," एवढंच म्हणाली. मी घरी जाऊन त्या रात्री जेवले नाही, आणि माझ्या न जेवण्याने काही फरक पडणार नाही हे कळून दुसऱ्या दिवशी दुप्पट जेवले.

दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी फळ्यावर तीन रकाने आखले. स्थायू, द्रव, वायू. एकेकीने जायचं आणि एकेक पदार्थ लिहायचा. दगड, पाणी, वाफ, लाकूड, रॉकेल, असं चाललं होतं. शालन गेली आणि तिने द्रवाच्या रकान्यात लिहिलं, गूळ. सगळा वर्ग खिदळला. बाईंनी सुधारून घ्यायला सांगितलं, तर ती खडू हातात धरून तशीच उभी.

"गूळ पातळच असतोय, बाई."

"कुणाच्या घरी गं?"

"आमच्या. पातळ हाय तवर आमचा. घट्ट झाला की गाडीत चढतोय, मग तो आमचा न्हाय."

पुस्तकाप्रमाणे उत्तर चूक होतं. पण बाईंनी ते पुसलं नाही. म्हणाल्या, "गुऱ्हाळ कधी लागणार तुमचं?" शालन म्हणाली, "दिवाळीचा पाडवा झाला की." बाई म्हणाल्या, "मग हा तास आपण तिथं घेऊ." पुढे त्यांनी हेडबाईंना कसं पटवलं, आमच्या घरच्यांना काय सांगितलं, ते काही मला आठवत नाही. मला आठवते ती सुट्टीतल्या त्या सकाळची थंडी, पुलावरून जाणारी आमची दोन-दोनची रांग आणि सगळ्यांच्या हातात रसासाठी घरून आणलेले पेले. पेल्यांचा किणकिणाट नदीच्या पाण्यावरून पलीकडे जात होता.

वाटेत उसाने भरलेली बैलगाडी भेटली. गाडीवान उसाच्या मोळ्यांवर मांडी ठोकून बसला होता. बाईंना राहवलं नाही. त्यांनी आम्हाला विचारलं, "हे गाडीवान हलतायत का स्थिर आहेत?" अर्ध्याजणी म्हणाल्या हलतायत, अर्ध्या म्हणाल्या बसलेत. भांडण पेटलं. गाडीवानाने वरून सांगितलं, "मी बसल्यालाच हाय की. बैलं चालत्यात." बाई म्हणाल्या, "पण पावणं, मघाशी तुम्ही त्या कडुलिंबाजवळ होता, आता पुलाजवळ आला." त्याने मागे वळून लिंबाकडे बघितलं, मग पुलाकडे बघितलं. गाडी आमच्या पुढे निघून गेली तरी तो मागे वळून बघतच होता.

गुऱ्हाळ आधी नाकाला कळलं, मग कानाला, मग डोळ्यांना. चरकाची घरघर, त्यातून सुटणारा हिरवट रस, माश्या, चिपाडांचे डोंगर. मधोमध जमिनीत खणलेलं चुलवाण आणि त्याच्यावर काईल, रस उकळायची भली मोठी कढई. आमच्या वर्गातल्या चार बाकांएवढी रुंद, आणि तिच्यात सोनेरी रस खदखदत होता. काईलीवरून पांढऱ्या वाफेचा खांब उठून वरच्या छपराला भिडला होता. वाफ अंगावर आली की तोंडाला चिकट वाटायचं. शालनने आम्हाला शेंगा आणून दिल्या, रस दिला, आणि घरची मालकीण असल्यासारखी इकडून तिकडे मिरवली. आबा काईलीपाशी उभे होते. उंच, काटक, हातांवर जुन्या भाजल्याचे डाग. ते बाईंना एवढंच म्हणाले, "पोरी लांब ठेवा." मग आमच्याकडे पाठ केली.

बाईंनी तिथेच तास सुरू केला. ऊस हातात धरून, हा स्थायू. पेल्यातला रस, हा द्रव. काईल दाखवून म्हणाल्या, "उष्णता घेतल्याशिवाय पदार्थ आपली अवस्था बदलत नाही. खाली जाळ आहे म्हणून रसातलं पाणी वाफ होऊन निघालंय." मग विचारलं, "ही वाफ गोड असेल का?" आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "हो." वास एवढा गोड होता की दुसरं उत्तर सुचणं शक्यच नव्हतं. शालन सगळ्यात मोठ्याने म्हणाली. बाईंनी तिच्या आईकडून एक पितळी ताट मागून घेतलं, पदराने धरून लांबूनच वाफेत धरलं, आणि त्यावर जमलेले थेंब आमच्यापुढे आणले. शालनने बोट लावून चाटलं. तिचं तोंड बघण्यासारखं झालं.

"गोड न्हाय, बाई. पाणी हाय नुसतं."

तेव्हा आबांनी मान वळवली. त्यांच्या बापापासून त्या घराण्यात एक समज पक्की होती, की वाफेबरोबर थोडा गूळ उडून जातो, देवाचा वाटा म्हणून. हंगामाच्या पहिल्या काईलीला ते वाफेला हातही जोडायचे. ते दोन ढांगांत आले, ताटावरून बोट फिरवलं, चाटलं. पुन्हा चाटलं. "ताट धुतल्यालं असंल," म्हणाले. बाईंनी ताट पुसून त्यांच्याच हातात दिलं. आबांनी स्वतः धरलं, थेंब गोळा केले, चाखले. मग बायकोला हाक मारून चाखायला लावलं. "पाणीच की गं हे," असं ते तिला म्हणत होते, तिच्याकडे, ताटाकडे, छपराशी विरणाऱ्या वाफेकडे आळीपाळीने बघत. काईलीकडे तेवढं बघायचं राहिलं. चुलवाणात चिपाडं कोंबणारा म्हादू खालून ओरडला, "आबा, काईल." आबा धावले. चौघांनी मिळून काईल ओढून उतरवली, पण वेळ टळून गेली होती. गूळ थंड व्हायला जमिनीतल्या वाफ्यात ओतला तेव्हा तो पिवळा नव्हता. काळपट लाल होता, आणि त्याला करपल्याचा वास होता.

चरक थांबला होता. आबांच्या हातून आधण, म्हणजे काईलभर गूळ, बिघडलं, हे त्या मळ्यात कुणी कधी बघितलंच नव्हतं. मळ्याचे मालक येऊन वाफ्यापाशी उभे राहिले आणि तसेच निघून गेले. बाईंचा चेहरा पडला होता. त्या आबांजवळ गेल्या, म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं हे." आबा फावड्याने वाफ्यातला गूळ ओढत राहिले. आम्ही पुलावरून परत आलो तेव्हा पेले दप्तरात घातले होते. शालन तिथेच राहिली. मला वाटलं, आता संपलं. तिच्या शाळेचं नाव जरी निघालं तरी आबांना ते करपलेलं आधण आठवणार, आणि ते नाही म्हणणार. मला बाईंचा राग आला, ताटाचा आला, आणि गोड वास येऊन गोड नसणाऱ्या त्या वाफेचाही आला.

सुट्टीनंतर शाळा भरली त्या सोमवारी माझ्या शेजारची जागा रिकामी होती. प्रार्थना झाली, हजेरी झाली. शालनचं नाव बाईंनी हळू घेतलं आणि क्षणभर थांबून पुढचं घेतलं. दुसरा तास चालू असताना दारात सावली पडली. आबा होते. मागे शालन, तिच्या कडेवर भाऊ. आबांच्या हातात कागदात गुंडाळलेला काळ्या गुळाचा खडा होता. तो त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवला.

"त्या आधणातला हाय. खायाला वाईट न्हाय."

बाई उभ्या राहिल्या होत्या.

"चूक माझी हाय, बाई. काईल सोडून मी गेलतो. आजवर कवा गेलो न्हाय. पर मला एक सांगा, ती वाफ गोड न्हाय, तर वास कसा गोड येतोय?"

बाई म्हणाल्या, "मला नेमकं ठाऊक नाही. विचारून सांगते."

आबांना ते उत्तर आवडलेलं दिसलं. त्यांनी शालनला पुढे ढकललं. "ही हितं रोज येईल. पोरगं संगं असंल, तेवढं चालवून घ्या. आणि हिला काय शिकवाल ते हिनं सांजच्याला मला सांगायचं. एक दिस चुकवायचं न्हाय. त्या बोलीवर ठेवतोय." एवढं बोलून ते निघाले. दाराशी जाऊन परत वळले आणि म्हणाले, "वासाचं इसरू नका."

त्या हिवाळ्याइतका सुखाचा काळ माझ्या वाट्याला नंतर फारसा आला नाही. शालनचा भाऊ वर्गाच्या कोपऱ्यात पोत्यावर झोपायचा. झोपला की बाई त्याला स्थिर वस्तूचं उदाहरण म्हणून दाखवायच्या, आणि जागा झाला की गतिमान वस्तूचं. रविवारी मी शालनबरोबर गुऱ्हाळावर जायची. चुलवाणाच्या उबेला बसून ती आबांना तास सांगायची, आणि ती काही गाळत असली की मी मधे तोंड घालायची. काईल ओढताना पहिला हिसका मोठा लागतो आणि मग ती आपसूक येते, हे आबांना लहानपणापासून माहीत होतं. पण त्याला नाव आहे, आणि ते नाव पुस्तकात छापलेलं आहे, याचं त्यांना भारी अप्रूप वाटलं. दोन दिवस ते प्रत्येक हिसक्याला म्हादूला सांगायचे, "जडत्व हाय, जोर लाव." पालथ्या पेल्याचा प्रयोग ऐकून तर त्यांनी तो तिथेच, रसाच्या टाकीत करून बघितला. मालक नेमके तेव्हाच आले. म्हणाले, "आबा, काय चाललंय?" आबा टाकीत कोपरापर्यंत हात घालून म्हणाले, "हवा बघतोय."

वासाचं उत्तर बाईंनी महिनाभराने आणलं. त्यांच्या ओळखीच्या कुणा कॉलेजातल्या सरांना विचारून. वासाचे अगदी बारीक कण असतात, ते सुटून वाफेबरोबर येतात, गोडी मात्र जड असते, ती काईलीतच मागे राहते. शालनने हे सांगितलं तेव्हा आबांनी काईलीत डोकावून बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे समदा गूळ हितंच ऱ्हातोय. चांगलं झालं." तरी पुढच्या हंगामातही त्यांनी पहिल्या काईलीच्या वाफेला हात जोडलेच. शालनने टोकलं तर म्हणाले, "वास देवाचा, गूळ मालकाचा."

गॅलरीत मी अशी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. आतून भाचीने हाक मारली, पंगत बसली होती. त्या मळ्यातलं आता काही शिल्लक नाही. चरक गेला, चुलवाण बुजलं, चिपाडांचे ढीग गेले. म्हादू, बाई, आबा, सगळे आपापल्या वाटेने गेले. शालन मॅट्रिक झाली, लग्न होऊन जयसिंगपूरला गेली, आणि अजून फोनवर माझ्याशी तासभर भांडते. मला याचं दुःख होत नाही. खरं सांगायचं तर, जे एवढं पोटभर मिळालं ते संपलं म्हणून रडावं असं मला वाटतच नाही. ताटावर बसले, पहिला घास घेतला, आणि निकालाचा दिवस आठवला.

त्या दिवशी सगळ्यांचे वडील शाळेत आले नव्हते, पण आबा आले होते. धुतलेलं धोतर, कडक फेटा. आत या म्हटलं तरी आले नाहीत, फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत उभे राहिले. हात मागे बांधलेले, पण बोटं एकमेकांत सारखी वळत होती. शालन निकाल घेऊन पळत सुटली, मी तिच्या मागे. ती समोर येऊन उभी राहिली तरी ते तिच्या हातातल्या कागदाकडे बघेनात. तिच्या तोंडाकडेच बघत होते.

"पास झालो काय आपण?" त्यांनी विचारलं.

"झालो की, आबा."

आबांनी डोक्यावरचा फेटा उतरवला, झटकला, पुन्हा नीट बांधला. मग आमच्या दोघींच्या मधून फाटकाच्या आत शिरले, पटांगण ओलांडून थेट पायरीवर उभ्या असलेल्या बाईंपुढे गेले आणि म्हणाले, "बाई, सहावीत काय काय हाय?"